लेकीच्या घरचं पाणी

जयवंताबाई लेकीच्या घरी जायची ती आपली शिदोरी आणि आपलं पाणी घेऊनच. फडक्यात ज्वारीच्या दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, एखादा कांदा, आणि झाकणाच्या पितळी तांब्यात घरच्या विहिरीचं पाणी. आदिलाबाद जिल्ह्यात तलमडुगूकडच्या त्यांच्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, ही चालच होती. बहुतेक घरांत ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप मिटायची. बारशाला आजी-आजोबा जायचे, लेकीच्या हातचं पोटभर जेवायचे आणि विषय संपायचा. तिच्या लेकीच्या, चंद्रभागेच्या बाबतीत मात्र तो संपला नाही. शहाऐंशी साली तिचं लग्न झालं, निर्मल गावी दिली, आणि आता अठ्ठ्याण्णव साल सरत आलं होतं.

जयवंताबाईचे मालक भगवानराव होते तोवर तर बोलायचीच सोय नव्हती. एकदा ऐन वैशाखात ते तहसील कचेरीच्या कामाला निर्मलला गेले आणि लेकीच्या ओट्यावर टेकले. चंद्रभागेनं धावत जाऊन माठातलं पाणी आणलं. ते म्हणाले, "ठेव बाई, तहान नाई मले." आणि थोड्या वेळानं उठून समोरच्या चहाच्या टपरीवर गेले, तिथल्या पिंपातून लागोपाठ दोन पेले पाणी प्याले. लेक दारात तो भरलेला गडवा घेऊन उभी होती. हे भगवानरावांनी घरी येऊन स्वतःच सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही. तो माणूस कडक होता, निर्दय नव्हता.

ते गेल्यावर महिपत, जयवंताबाईचा मुलगा, म्हणाला, "माय, आता कोण पाह्यतं? खात जा तिच्या घरी. ती बिचारी किती दिवस तुह्या फडक्याकडे पाहीन?"

"राहू दे," एवढंच जयवंताबाई म्हणाली.

लोकांना वाटायचं, नवऱ्याचा शब्द पाळते. तसं नव्हतं. तिचं कारण निराळं होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, ज्या दिवशी आपण चंद्रीच्या घरचा घास घेऊ, त्या दिवशी आपण कबूल केलं असं होईल. काय कबूल केलं, हा शब्दसुद्धा ती मनात येऊ द्यायची नाही. गर्दीच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती त्या यायच्या असलेल्या लेकराची जागा धरून बसली होती. कुणी कितीही हसो, रुमाल उचलायचा नाही.

म्हणून वर्षातून दोनदा ती जायची. जाताना डाळ, पीठ, वाळवलेली अंबाडी, बोरं, जे असेल ते न्यायची. द्यायला बंदी नव्हती. पुढच्या खोलीतल्या बाजेवर बसायची. दुपारी फडकं सोडायची. त्या वेळी चंद्रभागा आत जायची. आतून भांड्यांचा आवाज यायचा, घासलेलीच भांडी पुन्हा घासल्यासारखा. जयवंताबाई भाकर मोडायची, चावायची, आणि ती गळ्याखाली उतरायला वेळ लागायचा. संध्याकाळच्या बसनं परत.

त्या वर्षी भाऊबीजेला चंद्रभागा माहेरी आली. महिपतला ओवाळून झालं, आणि ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "माय, निर्मलले एक नवं हॉटेल झालं. मोठ्या रोडवर. यायनं त्याच्या भितीवर चित्र काढलं."

तिचा नवरा सुधाकर शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. निर्मलच्या कारागिरांकडून त्यानं तिथली सोनेरी रंगाची कला शिकून घेतली होती.

"बरं झालं," जयवंताबाई म्हणाली.

"मालकानं, गंगारेड्डीनं, आमाले जेवाले बोलावलं. घरच्यायले घेऊन या म्हणे. तू चाल."

"मी? हॉटेलात? मले काय कामाचं हॉटेल बापा. तिथं बसाले खुर्ची असते. माहे पाय लोंबकळतात खुर्चीवर."

चंद्रभागेनं हातातला घास खाली ठेवला. "माय, ते माह्यं घर नाई. चूल माही नाई. दाणे माहे नाई, पैसा आमचा नाई. सारं त्या गंगारेड्डीचं. मंग तिथं तर जेवशील माह्यासंगं?"

महिपत मोठ्यानं हसला. "हे पोरगी वकील व्हाले पाह्यजे व्हती."

जयवंताबाईनं विचारलं, "त्या रेड्डीले लेकरंबाळं हाय ना?"

"चार हाय. मोठा अमेरिकेत शिकून आला."

"मंग काय," महिपत म्हणाला, "माय, आता तर तुह्याजवळ कारणच नाई उरलं."

चंद्रभागा हसली नाही. आईकडे पाहत राहिली. इतकी मोठी बाई, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेले, आणि नजर मात्र जत्रेत काही मागायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी. जयवंताबाई म्हणाली, "येईन."

कापसाची पहिली वेचणी उरकली आणि ती निघाली. आदिलाबादला बस बदलली, घाट उतरली. सागाची पानं गळायला लागली होती. धुवट लुगडं, कपाळावर बुक्का, आणि मांडीवर पिशवी. पिशवीत फडकं होतंच. हॉटेलात जेवायचं ठरलं होतं, तरी पहाटे तिचे हात आपोआप पिठाच्या डब्याकडे गेले होते.

हॉटेल गावाबाहेर होतं. पुढे बाग, बागेत कारंजं, आणि सगळी भिंत काचेची. जयवंताबाईनं दाराशी चपला काढल्या. टोपीवाला दरवान धावत आला.

"नहीं अम्मा, पहन के आओ, पहन के."

"अवो, इतकं पुसून ठेवलं न बापा, चपलीनं कसं याव?" तिनं सुधाकरला विचारलं.

"चालते मामी, इथं असंच हाय," तो म्हणाला.

आत गारवा होता, नदीकाठी पहाटे असतो तसा. टेबलांवर पांढरेशुभ्र कापड. भिंतीवर सुधाकरचं चित्र होतं: साग, हरणं, आणि ज्वारीच्या शेतात बाया. सोन्याचा वर्ख लावल्यासारखं चमकत होतं. त्यातल्या एका बाईचं नाक चंद्रीच्या नाकासारखं होतं. जयवंताबाईला ते पाहिल्याबरोबर कळलं, पण जावयासमोर ती काही बोलली नाही. खुर्चीवर बसली तर पाय खरंच लोंबकळायला लागले. चंद्रभागेनं टेबलाखाली स्वतःची पिशवी सरकवली आणि हळूच म्हणाली, "याच्यावर ठेव पाय." मग दोघी उगाचच हसल्या. लहानपणी देवळात हसू आलं की दाबावं लागायचं, तसं.

गंगारेड्डी स्वतः आला. पांढरा सदरा, पांढरी लुंगी, हातात घड्याळ. भैंसा गावच्या बाजारात कापसाच्या धंद्यात वाढलेला, त्यामुळे मोडकं मराठी बोलायचा.

"या अम्मा, या. सुधाकर मास्तरची अत्तगारू, सासू, म्हणजे आमची पण. हे पाहा, हितं सगळं बिगर खताचं. बिगर दवाईचं. माझा पोरगा म्हणतो, नान्ना, शहरात लोक आता असंच अन्न शोधतात. सेंद्रिय. हैदराबादहून गाड्या करून येतात."

"खाले येतात?"

"खाले!"

"अन् काय खातात?"

"ज्वारीची भाकर. अंबाडी. तुरीचं वरण. तरोट्याची भाजी पण ठेवली होती पावसाळ्यात."

"तरोटा?" जयवंताबाईनं गालावर हात ठेवला. "दुष्काळात आमी तरोटा खुडला तं लाजेनं पदराखाली झाकून आणे, बापा. लोकायनं पाहू नये म्हणून. अन् तुमी तो काचेच्या घरात वाढता?"

गंगारेड्डीला हे फार आवडलं. त्यानं ते तेलुगूत वेटरला सांगितलं, वेटरही हसला. मग त्यानं खूण केली आणि एका थाळीत उंच दांड्याचे चार पेले आले. आत गडद लाल काहीतरी. जयवंताबाईला वाटलं अंबाडीच्या बोंडाचं सरबत असेल, रंग तोच. तिनं पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"हे तं दारू हाय."

"दारू नाही अम्मा, वाईन. द्राक्षाचा रस. महाराष्ट्रातून आणली. ह्याला पण खत नाही, दवाई नाही."

"मोहालेही कोणी खत घालत नाई, बापा."

सुधाकरला ठसका लागला. गंगारेड्डी पोट धरून हसला. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यात बायांनी सारा, म्हणजे देशी दारू, विकणाऱ्यांविरुद्ध उठाव केला, तेव्हा गावातल्या दुकानासमोर ठिय्या देऊन बसलेल्यांत जयवंताबाई पुढे होती. पिंप उलटं करताना तिच्या पायावर सारा सांडला आणि चार दिवस वास गेला नाही. ती हे सांगणार होती, पण ज्याच्या घरी जेवायला आलो त्याला असं कसं सांगायचं, म्हणून तिनं आपला पेला चंद्रभागेकडे सरकवला.

"तुम्ही बसा," गंगारेड्डी सुधाकरला म्हणाला, आणि लगेच, "नाही, तुम्ही या. वरच्या मजल्याची भिंत दाखवतो. जेवण येईपर्यंत. तिथं पण काही काढा. तुमच्या मनाचं."

दोघं वर गेले. टेबलावर मायलेकी राहिल्या.

बाहेर बागेत कारंजं उडत होतं. आजूबाजूच्या टेबलांवर शहरातली माणसं हळू आवाजात बोलत होती. जयवंताबाई म्हणाली, "चंद्रे, हे बरं झालं. तू आणलं ते बरं झालं."

"खरं?"

"खरं. तुह्यासंगं अशी बसली नव्हती मी कधी. घरी तं तू जेवतं अन् मी वाढते."

चंद्रभागेचा चेहरा उजळला. ताटं आली. पितळेची मोठी ताटं, त्यात पळसाच्या पानाचे द्रोण. भाकरी पुरीएवढ्या. जयवंताबाईला मौज वाटली. बाहुलीच्या लग्नातल्यासारख्या त्या भाकरी. वेटर एकेक वाडगं घेऊन वाढायला लागला. वरण वाढलं. मग अंबाडीचं वाडगं उचललं, तेव्हा चंद्रभागेनं त्याच्या हातातून ते घेतलं.

"रहने दो भैया. मैं डालती."

"मैडम, मेरा काम है—"

"मैं डालती," ती पुन्हा म्हणाली, आणि तो बाजूला झाला.

ती उभी राहिली. पदर खोचला, घरी खोचतात तसा. पळीत भाजी घेतली, आईच्या ताटावर वाकली. आणि त्याच क्षणी जयवंताबाईचा डावा हात उचलला गेला आणि ताटावर आडवा झाला.

तिनं तो केला नव्हता. तो झाला. जिथं जिथं लेक काही घेऊन आली तिथं तिथं तो हात असाच आडवा व्हायचा: चहाच्या कपावर, गुळाच्या खड्यावर, उसाच्या कांड्यावर. पळी कलंडली होती, भाजी हातावर पडली. गरम होती.

चंद्रभागा तशीच उभी राहिली.

"इथंबी, माय?"

"अवो, ध्यान नव्हतं माह्यं," जयवंताबाई घाईघाईनं म्हणाली. "वाढ. वाढ न. हा पाह्य, काढला हात."

पण चंद्रभागेनं वाडगं खाली ठेवलं होतं. ती खुर्चीवर बसली. आईच्या हातावरची भाजी तिनं त्या पांढऱ्या रुमालानं पुसली, एकेक बोट पुसली. मग तिनं समोरचा पेला उचलला आणि पाणी प्यावं तसा मोठा घोट घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं झालं.

"चंद्रे! काय करून राह्यली?"

"मले एक सांगाचं हाय. याच्याबिगर सांगता येत नाई." तिनं पेला ठेवला. "माय, मी दोन वर्षांपूर्वी हैदराबादले गेली व्हती न. यायचं चित्रांचं प्रदर्शन हाय म्हणून सांगितलं व्हतं तुले."

"हो. तवा तू पोळ्याले आली नाई."

"प्रदर्शन नव्हतं. गाठी झाल्या व्हत्या. डॉक्टरनं पिशवी काढून टाकली."

जयवंताबाईनं ऐकलं. शब्द साधे होते, तरी ते एकामागून एक यायला वेळ लागला. कोणती पिशवी, हे विचारायची गरज नव्हती. गावात कितीतरी बायांच्या काढल्या होत्या. पण त्यांना सुना आलेल्या होत्या, नातवंडं होती.

"म्हणजे..." ती म्हणाली.

"म्हणजे काई नाई आता. कवाच नाई."

गावात असती तर जयवंताबाईनं हंबरडा फोडला असता. शेजारच्या बाया आल्या असत्या, कुणी पाठीवर हात फिरवला असता, कुणी आपलं रडून घेतलं असतं. इथं पांढरं कापड होतं, काचेचे पेले होते, आणि पलीकडे एक माणूस बारीक चाकूनं काहीतरी कापत होता. रडायला जागा नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी आपलं आपण वाहायला लागलं. वेटर लगबगीनं आला.

"अम्मा, तीखा हुआ क्या?"

"हौ," जयवंताबाई म्हणाली. "तिखट झालं, बाबा."

त्यानं साखरेची वाटी आणून ठेवली. कुणीच तिला हात लावला नाही.

"मले काऊन नाई सांगितलं?" जयवंताबाईनं विचारलं. "दोन वर्षं. तुहं पोट फाडलं अन् माय घरी कापूस येचून राह्यली. कोणी केलं तुह्यं?"

"यायनंच केलं. सुट्टी काढली. मले हात वर करता येत नव्हते तं माहे केस इचरून देत. वेणी घालता येत नव्हती, तं नुसती गाठ मारून देत." चंद्रभागा किंचित हसली. "लई वाकडी गाठ."

"अन् मले नाई."

"तुले सांगाचंच व्हतं. दर खेपेले ठरवे मी. तू येत व्हती, बाजेवर बसत व्हती, फडकं सोडत व्हती. मले राग ये, माय. लई राग ये. वाटे, हे भाकर हिसकून फेकून द्याव अन् सांगाव, कोणासाठी उपाशी राह्यतं? नाई कोणी येऊन राह्यलं." तिनं हातातल्या रुमालाची घडी केली. "अन् मंग वाटे, सांगितलं तं तू जेवशील. मी वाढलेलं खाशील. अन् मंग त्या लेकराची वाट पाह्यणारं या दुनियेत कोणीच नाई उरणार. डॉक्टरनं सोडलं, यायनं सोडलं, मी... मीबी सोडल्यासारखंच. एक तूच व्हती. तुह्यं ते फडकं पाह्यलं का मले वाटे, कोणीतरी अजून बसून हाय. म्हणून नाई सांगितलं. दोन वर्षं मीच तुले उपाशी ठेवलं, माय."

जयवंताबाई तिच्याकडे पाहत राहिली. आपण जे कुणाला कळू न देता जपून ठेवलं, ते या पोरीला सगळं माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं. तीही त्याच्याच आधारानं बसली होती, भिंतीच्या त्या बाजूला, भांडी घासत.

"मंग आता काऊन सांगितलं?"

"थकली मी," चंद्रभागा म्हणाली. "तुह्या हाताकडे पाह्यलं अन् वाटलं, आता नाई होत."

सुधाकर आणि गंगारेड्डी जिन्यावरून खाली येताना दिसले. चंद्रभागेनं डोळे पुसले. सुधाकरनं टेबलाजवळ येऊन दोघींकडे पाहिलं, अर्धा झालेला पेला पाहिला, आणि काही न विचारता बसला. जयवंताबाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत सोनेरी रंग होता. हा माणूस तिच्या लेकीचे केस विंचरत होता. इतकी वर्षं ती त्याच्या घरात त्याला पाहुण्यासारखी भेटली होती. त्याच्या घरचं पाणी न पिता त्याला आशीर्वाद देत आली होती.

"सुधाकरराव, जेवा," ती म्हणाली. "गार होऊन राह्यलं."

तिघं जेवले. जयवंताबाईनं ताटात होतं ते सगळं खाल्लं. चांगलं होतं, कुणी विचारलं असतं तर तिनं तसं सांगितलंही असतं. गंगारेड्डीनं दोनदा विचारलं, "कसं आहे अम्मा?" आणि ती दोनदा म्हणाली, "बेस हाय, बापा." पण काय खाल्लं ते तिला नंतर आठवलं नाही.

घरी आल्या तेव्हा ऊन अजून होतं. सुधाकर ओट्यावरच थांबला. शाळेतला कुणी भेटला म्हणून, की मुद्दाम, ते त्यालाच ठाऊक. पुढच्या खोलीत बाज होती. जयवंताबाई तिच्यापाशी क्षणभर उभी राहिली आणि मग तशीच आत गेली. बारा वर्षांत लेकीचं स्वयंपाकघर तिनं दारातूनच पाहिलं होतं. ते लहान होतं, नेटकं होतं. खिडकीत तुळशीचं रोप, फळीवर डबे, कोपऱ्यात माठ. ती माठाशेजारी भिंतीला टेकून खाली बसली.

"चंद्रे, पाणी दे."

चंद्रभागा दारात होती. ती हलली नाही.

"तहान लागली मले. दे."

मग चंद्रभागेनं माठावरचं झाकण काढलं. पेला बुडवताना तो माठाच्या काठाला वाजला. जयवंताबाईनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एका दमात प्याली. नळाचं पाणी, त्याला औषधाचा वास होता. तिनं पेला पुढे केला. चंद्रभागेनं पुन्हा भरला. तोही ती प्याली.

"काय हाय घरात?"

"काई नाई. आपण तं आत्ताच जेवून—"

"ते रेड्डीचं व्हतं. तुह्या घरी काय हाय?"

"वांगे हाय. पीठ हाय."

"मंग टाक भाकर."

चंद्रभागेनं शेगडी पेटवली, वांगी चिरून फोडणीला टाकली. पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त झालं, तिनं पुन्हा पीठ घातलं. जयवंताबाई पाहत बसली. आपण शिकवलं तसंच थापत होती, फक्त शेवटी हाताला जो झटका द्यायची तो तिचा स्वतःचा होता. तो कधी आला, कुणाकडून घेतला, जयवंताबाईला माहीत नव्हतं. कितीतरी गोष्टी तिला माहीत नव्हत्या.

पहिली भाकर तव्यावरून सरळ तिच्या ताटात आली. शेजारी वांग्याची भाजी. पोट भरलेलं होतं, टम्म होतं. तिनं घास मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. भाजीत मीठ कमी होतं, भाकर कडेला जळली होती. घास गळ्याखाली उतरला, आणि तेव्हा तिला कळलं. हॉटेलात तिनं ऐकलं होतं. कळलं ते इथं. आता कुणी येणार नव्हतं. ती खाली मान घालून दुसरा घास मोडत होती आणि तिचे खांदे हलत होते. इथं रडायला जागा होती. चंद्रभागा तशाच पिठाच्या हातांनी तिच्याजवळ येऊन बसली, आणि दोघी मनसोक्त रडल्या. शेगडीवर दुसरी भाकर करपली.

बाहेरून बसचा भोंगा ऐकू आला. ती आदिलाबादची बस होती. दोघींनीही ऐकला. कुणी उठलं नाही.

चंद्रभागेनं करपलेली भाकर काढली, तवा पुसला. पाठमोरीच तिनं विचारलं, "माय, तुले काय वाटे? पोरगी का पोरगं?"

इतक्या वर्षांत त्या लेकराबद्दल दोघी कधी असं बोलल्या नव्हत्या. नवसाचं बोलल्या, वैद्याचं बोलल्या, पण लेकराचं नाही.

"पोरगी," जयवंताबाई लगेच म्हणाली. "पोरगीच. काळीसावळी. सुधाकररावच्या वळणावर."

"मलेबी पोरगीच वाटे." चंद्रभागेनं पिठाचा गोळा हातात घेतला. "पण गोरी."

"अवो, गोरी कोठून येईन? तुमी दोघं का गोरे हाय?"

चंद्रभागा हसली. ओट्यावरून सुधाकरच्या खोकल्याचा आवाज आला; तो आत आला नाही. जयवंताबाईनं डोळे पुसले, पाय पसरले, भिंतीला नीट टेकून बसली.

"केस तुह्यासारखे," ती म्हणाली. "दाट. तेल घालू देत नव्हती कोणाले. फक्त माह्याजवळ बसे."

"अन् खाले?"

"खाले लई नखरे. हे नाई, ते नाई. दूध-भाकर कुस्करून दिली तं खाये. तेबी माह्याच हातानं."

चंद्रभागेनं भाकर तव्यावर टाकली. तिच्या कडेनं पाणी फिरवलं.

"सांग न माय," ती म्हणाली. "अजून सांग."

जयवंताबाई सांगायला लागली.